चौकटीतलं तेवढं

शहापुरात मी ज्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो, तिथल्या मालकांना चौकटींचं भारी वेड. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. बाहेरच्यांना लिहून दिलेल्या प्रोग्रामची वही छापायची तर कोडचा प्रत्येक तुकडा जाड, काळ्या, दुहेरी चौकटीत हवा. "गिऱ्हाइकाला काम दिसला पायजे," म्हणत. काम कसलं दिसतंय! पानभर निधनवार्ता छापल्यासारखं दिसायचं.

मुरबाड रस्त्यावरच्या भातगिरणीसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. भात किती ओलं, त्यावरून वजनातून किती कापायचं, हे तो ठरवायचा. यात आकडा चुकला की शेतकऱ्याचं भात फुकट जाणार. काट्यावर बसणाऱ्या बाईंना सगळं समजावं म्हणून मी आधी मराठीत कारण लिहिलं, खाली त्यापुरतं कोड. कोड म्हणजे तोंडी लावणं. मालकांनी त्यावरच चौकटी ठोकल्या.

वर्षभराने गिरणीत नवा काटा आला, तेव्हा साध्या बदलासाठी बाईंनी मला बोलावलं. वहीत सगळं लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "चौकटीतला तेवढाच पाठ करायचा ना, सर? बाकीचा कोन वाचतं?"

गाईड घोकून पास झालेली आमची सगळी पिढी, त्यांना काय बोलणार? मालकांचा मात्र मला संताप आला.

चौकटी मीच काढून टाकल्या. कोड बारीक, फिकट अक्षरात, जरा आत सरकवलं. मराठी सलग वाचता येईल असं केलं. मालकांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"प्रोग्राम गेला कुठं? हा तं निबंध झाला."

गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत मी वही गिरणीत नेऊन दिली.

आठवड्याने बाईंचा फोन आला.

"सर, वर तुमी लिवलाय, सतरा टक्क्यांच्या वर ओलावा असंल तरच कापायचा. खाली कोडात तं चौदा हाय."

वही उघडली. चौदाच होतं, आणि ते मीच लिहिलेलं. वर्षभर ते चौदा जाड चौकटीत बसून होतं, आणि मी फक्त चौकटीला शिव्या देत होतो. कोरडं भात आणणाऱ्यांचंही वजन कापलं गेलं होतं. मी माफी मागायला लागलो, तशा बाई मध्येच म्हणाल्या,

"आमच्या घरचा भात पन मीच मापला, सर. दादा सांगत व्हता, कोरडा हाय. चार मानसांत मी त्याला खोटा पाडला."