मावशीची परात

पळामावशी कुणाच्याही घरी गेली, की टेकायच्या आधी विचारायची, "वर जावची वाट खंय?" तिचं खरं नाव चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मालवणकडची विधवा बाई. भाच्याला पिंपरीच्या नव्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून चिंचवडला आमच्या शेजारी राहायला आली. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते. चाळ पवनेच्या अगदी काठावर, आणि मावशीच्या मते बांधणाऱ्याला काडीची अक्कल नव्हती.

दर सोमवारी ती पितळी परात बडवायची. परात वाजली, की हातातलं टाकून टेकाडावरच्या मारुतीपर्यंत पळायचं, हा तिचा नियम. आम्ही मोठी माणसं ढिम्म हलायचो नाही. पोरं मात्र जीव खाऊन पळायची, कारण पहिल्या येणाऱ्याला खोबऱ्याची वडी मिळे.

घरमालकीण राहीबाई तोंडाला पदर लावून हसायची. "आवं मावशी, ही पवना हाय, तुमचा दर्या न्हवं!"

"हसान घे गो," मावशी म्हणायची, "पण पळ."

एका श्रावणात वरच्या अंगाला सारखा पाऊस चालला होता. नदी दुथडी भरलेली. आणि एका सकाळी, बाप्ये कामावर गेल्यावर, बघतो तर काय, पाणी एकदम ओसरलेलं! पात्रात मासे तडफडत होते. मग काय विचारता! कुणी घमेलं घेतलं, कुणी टोपली, अख्खी चाळ नदीत उतरली. राहीबाईनं तर लुगड्याचा ओचाच भरला. माझ्या हातात हा एवढा मरळ आला, तो सुळकन निसटला, मी पुन्हा झडप घातली. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

तेवढ्यात परात वाजली. मावशी काठावर उभी राहून छाती फुटेल अशी ओरडत होती, "पळा रे! पाणी मागे गेला म्हणजे ता परत येतला!"

आम्ही हललो नाही. समोर फुकटचे मासे, कोण हलतो? पण पोरांनी मासे टाकले आणि टेकाडाकडे धूम ठोकली. सगळ्यांत पुढं राहीबाईचा नातू. "आरं मुडद्या, मासं कुठं टाकतुयास!" करत राहीबाई त्याच्यामागं, आणि आपापल्या कार्ट्यांना शिव्या देत आम्ही सगळ्या तिच्यामागं.

देवळाशी पोचलो आणि खालून गडगडाट ऐकू आला. वर बंधाऱ्याशी झाडं-ओंडके अडकून पाणी तुंबलं होतं, ते फुटलं, हे मागाहून कळलं. तांबडा लोंढा आला आणि आमच्या खोल्या, राहीबाईचा गोठा, धुण्याचे दगड, सगळं घेऊन गेला. माणूस मात्र एकही गेलं नाही! आम्ही एकमेकींना मिठ्या मारून रडत होतो, हसत होतो. मावशी धापा टाकत सर्वांत शेवटी वर आली आणि तिनं कनवटीची पुडी सोडली. "पयलो कोण इलो?"

त्याच दिवशी तिनं पहिल्यांदा सांगितलं. लहानपणी असाच समुद्र मागे गेला होता, तिची धाकटी बहीण मासे वेचायला धावली, ती परत आलीच नाही. "तेव्हा आमच्यासाठी परात वाजवणारो कोण नाय होतो."

आता त्याला त्सुनामी म्हणतात. समुद्रात यंत्रं बसवतात, भोंगे वाजवतात. वाचलं की मला मावशीच आठवते.

पुढं राहीबाईनं खोल्या पुन्हा उभ्या केल्या. भाचा मुंबईला गेला, त्याच्याबरोबर मावशीही गेली. जाताना परात तिनं राहीबाईच्या हातात दिली. पुढच्याच सोमवारी परात वाजली, तेव्हा नवी भाडेकरीण हसत विचारायला आली, "काय झालं हो?"

"इचारू नगंस!" राहीबाई गरजली. "आदी पळ!"