महिपतची ओ

पालीच्या जाईबाईंचा मुलगा महिपत मुंबईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. एक्क्याऐंशी साली तो तापाने गेला आणि गिटार तेवढी एस्टीच्या टपावरून घरी आली. जाईबाईंनी ती खुंटीला टांगली. दुपारी सवयीने त्यांच्या तोंडून हाक गेली, "महिपता, जेवायला ये रे!" आणि खुंटीवरून बारीक 'ऊं' आला. तेव्हापासून त्या रोज हाक मारत, गिटार रोज ओ देई, आणि शेजारी त्या घरी पाणी प्यायलासुद्धा जोडीने जात.

चार वर्षांनी गणपतीपुळ्याला आलेले सुखटणकर वाट वाकडी करून पालीत उगवले. त्यांना जुन्या गिटारी जमवायचा नाद.

"अर्धी पोकळ, अमेरिकन, पंचवीस वर्षांची! आणि कोपर घासून रंग उडालाय ना मावशी, त्यालाच खरी किंमत."

"मग आमच्या भिंतींचं काय द्याल?"

ओ देण्याचं ऐकून सुखटणकर हसले. "लाकूड पोकळ आहे. कुणाच्याही आवाजाने तारा घुमतात."

जाईबाईंचा चेहरा उतरला. "मग तुम्ही मारा हाक. ओ दिलीन, तर नुसतं लाकूडच म्हणायचं. घेऊन जा."

सुखटणकरांनी बारीक, जाड, सगळ्या आवाजांत महिपतला बोलावलं. अंगणातला कुत्रा आत येऊन बसला. गिटार गप्प.

"सूर जुळत नाही," ते घाम पुसत म्हणाले.

"कसा जुळेल? तुमची ओळख कुठं होती?" जाईबाईंनी पानं मांडली. "महिपता, पाहुणे आलेत रे!"

खुंटीवरून 'ऊं' आला.

सुखटणकर जेवायला थांबले, पण गिटारीकडे पाठ करून बसायला काही तयार होईनात.