घाटात सुटलेला गेअर

त्या जीपची केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तेव्हा मी कुरखेड्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, तेव्हा जे कागदावर आलं नाही तेही सांगून टाकतो.

आमच्याकडे कुणाला जुनी डिझेल गाडी घ्यायची असली की तो ती आधी ठाण्याच्या आवारात आणायचा. पोलिसांचा जन्म डिझेल जीपमध्ये गेला, त्यांना कळणारच, असा लोकांचा हिशेब. धानाची शेती करणारा एकजण असाच त्याच्या मुलाला आणि गाडीच्या दलालाला घेऊन आला. मुलाला प्रवासी गाडी चालवायची होती.

"सायब, तुमी पास केली का आमी घेतली," बाप म्हणाला.

मी बॉनेट उघडलं, धूर पाहिला, ऑइलचं झाकण काढून वाफ येते का पाहिलं आणि सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीची एक चक्कर मारली. "इंजिन खणखणीत आहे, घेऊन टाका." गेअरबॉक्सचा विचारही मनात आला नाही. डिझेलचं इंजिन एवढं गरजतं की खालची कुरकुर त्यात बुडून जाते.

थोड्याच दिवसांत तीच गाडी लग्नाची माणसं घेऊन घाट उतरताना वळणावर नाल्यात गेली. बाकीच्यांना खरचटलं, पण गाडी चालवणाऱ्या त्या मुलाची आत्या पुढे बसली होती, तिचं कंबरेचं हाड मोडलं. मी स्वतः पंचनामा केला. गेअरचा दांडा न्यूट्रलमध्ये होता. मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक आणि स्टिअरिंग तपासून दोष नसल्याचं लिहून दिलं. गेअरबॉक्स खोलायला कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही तो खोलला नाही.

आमच्या घाटातले ड्रायव्हर उतारावर डिझेल वाचवायला सर्रास न्यूट्रल मारतात. मी कितीतरी जणांना त्यावरून झापलं होतं. त्यामुळे सगळं उघडच वाटत होतं. मी मुलाला समोर बसवलं.

"डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलं ना?"

"नाई सायब. दुसऱ्यात होती. आपोआप सुटला."

"गेअर आपोआप सुटतो होय रे? सगळे हेच सांगतात."

मारहाण केली नाही. एकच प्रश्न उलटसुलट विचारत राहिलो. तुझी आत्या अंथरुणाला खिळली आहे, हेही मधूनमधून ऐकवत होतो. दुपार कलली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मारलं असन सायब. ध्यान नसन माझं."

मी तसा जबाब लिहायला सांगितलं. गेअरमध्येच दोष असेल तर, ही शंका मला त्याच दिवशी आली होती. पण तो दोष निघाला असता तर गाडी पास करणारा मी होतो. म्हणून ती शंका मी कुणापाशी बोललो नाही.

पुढे आत्याबाई बोलण्याच्या स्थितीत आल्याचं कळलं आणि मी त्यांचा जबाब घ्यायला गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलो. मला पाहताच त्यांनी सुरुवात केली. "पोराले काऊन धरलं जी तुमी?"

"बाई, त्यानं कबूल केलंय."

"कबूल? मी बाजूले बसून होती का तुमी? त्यो दांडा सुटे, हा पुन्हा दाबे. शेवटी एका हातानं धरून ठेवला अन् एका हातानं गाडी वळवून राह्यला होता. अन् ते मांगचे वऱ्हाडी आपले गाने म्हनत होते."

आता मागे फिरायला वाट नव्हती. दोन पंचांसमोर आवारातच गेअरबॉक्स उतरवून खोलायला लावला. ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि त्यात सागवानाचा भुसा कालवलेला होता. लाकूड चिरायची आरामशीन जवळ असली की तो फुकट मिळतो. त्यानं झिजलेल्या गेअरचा आवाज काही दिवस दबतो. दुसऱ्या गेअरचे दात झिजून गोल झाले होते. भरल्या गाडीनं उतारावर दाब दिला की तो सुटणारच.

दलालाला बोलावलं. भुसा दाखवल्यावर त्यानं फार वेळ घेतला नाही.

"टाकला सायब. आवाज करे म्हनून टाकला. मानसं पडतीन असं वाटलं नाई मले." मग म्हणाला, "गिऱ्हाईक इंजिनच आयकते. तुमीबी तेच आयकलं."

त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा लागला आणि मुलाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला. जप्त केलेला परवाना परत द्यायला मी स्वतः मुलाच्या गावी गेलो. तो ओसरीत बसला होता.

"सुटलास तू. दोष गेअरचा होता," मी म्हणालो.

"हो सायब, बाबानं सांगतलं. पन तुमी इतक्यांदा इचारलं ना, आता डोळे मिटले का मले माझाच हात दिसते न्यूट्रल मारताना." परवाना त्यानं बापाच्या हाती दिला. नवा गेअरबॉक्स बसवलेली ती गाडी त्याचा चुलतभाऊ चालवत होता.

बापानं चहा दिला. गाडी मी पास केली होती, हे तो एका शब्दानं बोलला नाही. मीही नाही.

जुनी डिझेल गाडी घेताना कुणी विचारलं तर मी आता सांगतो, इंजिनावर भुलू नका. माणसं बसवून घाटात न्या, दुसऱ्या गेअरमध्ये उतरा, अॅक्सिलरेटर सोडा आणि दांडा जागेवर राहतो का बघा. गेअरबॉक्समधलं ऑइल काढून बोटांवर चोळा. एवढं केलं असतं तर पुरलं असतं. पण त्या मुलाच्या डोळ्यांपुढे न्यूट्रल मारणारा हात मी उभा केला आणि मला तेव्हाच शंका आली होती, हे त्याला अजून माहीत नाही. हे लिहिलेलं छापून आल्यावर त्यानं वाचण्याआधी ते माझ्या तोंडून ऐकायला हवं. उद्या सकाळच्या बसनं मी कुरखेड्याला निघालो आहे.