रेशीमवाल्याच्या घराचं तोंड

बाकूकाकू कुणाकडेही गेल्या की लगेच बेल वाजवत नसत. आधी दाराला पाठ करून उभ्या राहत, फोनमधलं होकायंत्र उघडत आणि सुई स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरत. "पश्चिम. हं. असू दे, माणसं चांगली आहेत," असं म्हणून मग बेल दाबत. सिंगापुरात दाराची दिशा निवडायची सोय नसते. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर समोर येईल ते आपलं दार. पण काकूंना ते कधी पटलं नाही. "घराचं तोंड कुठं आहे ते कळल्याशिवाय घराशी बोलणार कसं?" हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते माझ्याच तोंडून बाहेर पडतं.

मी त्यांच्या पासिर रिसच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहत होते. मूळची बार्शीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि स्कॉलरशिप मिळाली म्हणून थेट सिंगापूर, तेही आर्किटेक्चरसाठी. वर्गात माझा प्रश्न मनात जुळून येईपर्यंत तास संपलेला असायचा. काकूंनी पहिल्याच संध्याकाळी माझं नाव बाजूला ठेवलं आणि मला 'बार्शी' म्हणायला लागल्या. "ए बार्शी, मनातल्या मनात काय बोलतेस? मोठ्यानं बोल, मलाही करमणूक होऊ दे."

'बाकूकाकू' हे नाव इथल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. खरं तर बाकूत त्या विमानातून उतरण्यापुरत्याच होत्या. सिंगापूरला येण्याआधी काका एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत अकाउंटंट होते, आणि त्यांची नेमणूक अझरबैजानच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात होती. पण त्या गावाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे, म्हणून बाकू. तिथं काकूंना ना भाषा येत होती, ना कुणी ओळखीचं होतं. काका कामावर गेले की त्या चालत सुटायच्या. अशाच एकदा पडक्या कुंपणभिंतीच्या खिंडारातून आत शिरल्या आणि त्यांना ते घर भेटलं. दिसलं नाही, भेटलं. हा त्यांचा शब्द.

घर रेशमाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचं. गावातले लोक त्याला नुसतं 'रेशीमवाला' म्हणत, आणि काकू 'आमचे शेठ'. जणू त्यांच्या सांगलीकडचे कुणी लांबचे नातेवाईक. "आमच्या शेठनी भिंतीत नदीतले गोटे घातलेत, मग विटांचा थर, मग आडवी लाकडं. भूकंप आला तर घर नुसतं अंग हलवतं, पडत नाही. हुशार माणूस!" वरच्या मजल्यावर दिवाणखाना होता. छतापर्यंत गेलेली शेकोटी, भिंतीभर कोनाडे, आणि कोनाड्यांभोवती गिलाव्यावर रंगवलेली डाळिंबं आणि मोर. उंटांच्या तांड्यांवरून रेशीम जायचं त्या काळात शेठची भरभराट झाली. पुढे राज्य बदललं, श्रीमंतांची घरं सरकारनं घेतली आणि शेठचं कुटुंब रातोरात कुठं गेलं ते कुणालाच कळलं नाही. घराचं पुढचं आयुष्य काकू एका दमात सांगत. "आधी शाळा, मग दवाखाना, मग गोदाम, मग कबुतरं."

त्यांच्या फोनमध्ये त्या घराचे शेकडो फोटो होते आणि एकाही फोटोत अख्खं घर नव्हतं. काकूंना डाळिंब दिसे, भिंत दिसत नसे. कडीचा फोटो असे, पण दाराचा नाही. सगळ्यांत जास्त फोटो खिडक्यांचे. लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेली जाळी, मध्ये रंगीत काचा, आणि कुठंही खिळा नाही की सरस नाही. तिकडे त्याला शेबेके म्हणतात. गावातल्या एका कारागिराकडून काकूंनी वीतभर शेबेके करून आणली होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली होती. सकाळी आमच्या पोह्यांवर निळा-लाल उजेड पडायचा. "खा, शेठकडचे पोहे आहेत," काकू म्हणायच्या.

दिवाळीत तर त्या तिकडे एकट्याच त्या घरी जात. पूर्वेच्या दारात रांगोळी काढत, पणती लावत आणि बाजूला एक लाडू ठेवत. घर उजाड असलं म्हणून काय झालं, दिवाळीला दारात अंधार नको! दरवर्षी त्याच वेळी कुठूनसं एक गाढव येई आणि लाडू खाऊन जाई. काकूंना हा शुभशकुन वाटे.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एक घर निवडून, त्यात माणसं कशी राहत होती ते आराखड्यांतून मांडायचं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी पुलाउ उबीन बेटावरची जुनी घरं घेतली. शनिवारी बोटीनं जायचं, मोजमापं घ्यायची, सायकली फिरवायच्या आणि परत यायचं. माझ्या तोंडून मात्र रेशीमवाल्याचं घर निघून गेलं. मोठ्यानं बोलायची सवय लागली होती ना! पहिल्या परीक्षणात मॅडमनी काकूंच्या आठवणींवरून काढलेला माझा नकाशा शांतपणे पाहिला आणि एकच विचारलं, "पाहुणा कुठून येतो?" मी बोट ठेवलं पूर्वेच्या दारावर. तिथून पुढे बोट कुठं न्यावं ते मला समजेना. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपर्यंत हे सांगता आलं तर ठीक. नाहीतर हे घर तुला कळलेलं नाही." त्या गुरुवारी नापास झाले असते तर वर्ष परत करावं लागलं असतं, आणि परत केलेल्या वर्षाला स्कॉलरशिप नव्हती. म्हणजे बार्शी.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "नकाशात नाही कळायचं. चालून बघायला हवं. चल, घर काढू या!"

"कुठं, काकू?"

"खाली!"

आमच्या ब्लॉकच्या तळाला, सिंगापुरात सगळीकडे असतो तसा, मोकळा मजला आहे, इथले लोक त्याला व्हॉइड डेक म्हणतात. रविवारी सकाळी आम्ही लिटिल इंडियातून खडू आणि रांगोळीचे रंग आणले आणि तिथल्या फरशीवर शेठचं घर खऱ्या मापानं उतरवायला लागलो. काकू डोळे मिटून चालायच्या, थांबायच्या आणि ओरडायच्या, "इथं भिंत!" मी रेघ मारायची. मध्ये ब्लॉकचा खांब आला की म्हणायच्या, "हा नाहीच असं समज." वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना आम्ही जिन्याला लागून त्याच फरशीवर काढला. खिडक्यांच्या जागी त्यांनी निळी आणि लाल रांगोळी भरली. मला हसूही येत होतं आणि अंगावर काटाही. जे घर मी कधी पाहिलंच नव्हतं, त्याच्या दिवाणखान्यात मी उभी होते!

बाकावर नळी घातलेली कॉफीची पिशवी घेऊन रोज बसणारे, इथल्या ढंगात वाक्याला 'लाह' जोडणारे चिनी अंकल हे सगळं पाहत होते. "आंटी, काय बांधताय?"

"पॅलेस, अंकल! या ना, तुम्ही गेस्ट."

अंकल लगेच उठले. पूर्वेच्या दारातून ऐटीत आत आले. काकू पुढे, अंकल मागे. उताराची लांब वाट, मग कोठार, मग भाकरीची भट्टी, मग बायकांच्या खोल्या आणि सगळ्यांत शेवटी जिना आणि दिवाणखाना. भट्टीपाशी अंकल थांबले आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं. "इतका श्रीमंत माणूस, आणि पाहुण्याला किचनमधून नेतो? माझ्या फ्लॅटसारखंच, लाह!"

काकू खळखळून हसल्या. मी हसले नाही. माझं डोकं एकदम भरभर चालायला लागलं. पूर्वेच्या दाराला उंबरा नव्हता, रांगोळी बाहेर पसरते म्हणून काकू नेहमी कुरकुरायच्या. पायऱ्यांऐवजी उतार होता. भिंतीत लोखंडी कड्या होत्या, त्या काकूंच्या मते झोपाळ्याच्या. आणि आत एक लांबट दगडी कुंडी होती, तीही त्यांच्या मते फुलझाडांची. मी काकूंचा फोन घेतला आणि दक्षिणेच्या भिंतीतला एक फोटो शोधला. काकू ज्याला 'मोठा कोनाडा' म्हणत तो, विटांनी बुजवलेला, खूप उंच, वर कमान. मी फोटो मोठा करत खाली गेले. कोनाड्याच्या खाली गवतात तीन पायऱ्या होत्या, मध्यभागी झिजून खोलगट झालेल्या.

कोनाड्याला पायऱ्या कशाला?

मला कळलं होतं. आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. काकू परक्या गावात एकट्या पडल्या होत्या, तेव्हा ते एक दार त्यांचं होतं. ते मी कसं काढून घेऊ?

"काय गं बार्शी? मोठ्यानं!"

"काकू... शेठचं मुख्य दार दक्षिणेला होतं. बागेकडे. गोदाम केलं तेव्हा बुजवलं असणार. तुमचं पूर्वेचं दार... ते घोड्यांचं आहे. तबेल्याचं."

काकूंनी फोन घेतला. पायऱ्या पाहिल्या. मग खडूच्या घरात दक्षिणेकडून शिरल्या. बाग, तीन पायऱ्या, चौक, जिना आणि थेट दिवाणखाना. कुणाचंही स्वयंपाकघर न तुडवता. परत बाहेर गेल्या, परत आत आल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या अंकलच्या शेजारी बाकावर बसल्या.

"म्हणजे मी दर दिवाळीला तबेल्याला ओवाळत होते?"

काका तेवढ्यात दूध घेऊन येत होते. जन्मात मोजकं बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरीच ते गाढव बरोबर वेळेवर यायचं."

मग काकू जे हसायला लागल्या! डोळ्यांतून पाणी, पदर तोंडाशी. अंकलना इंग्रजीत सांगताना परत हसल्या. अंकल हसले, मीही हसले. काकू मध्येच उठून मला मिठी मारून म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे दार पूर्वेला, म्हणून मी शेठवरही तेच लादलं की! त्यांना विचारलंच नाही. गुरुवारी हे असंच सांग. सांग, एक बाई होती, ती तबेल्याला ओवाळायची. सगळे ऐकतील."

मी तसंच सांगितलं. उंबरा नसलेल्या दारापासून सुरुवात केली आणि अंकलना पाहुणा करून पायऱ्यांपर्यंत आले. अडखळले, पण थांबले नाही. मॅडम गाढवाला हसल्या, आणि मग त्यांनी माझ्या नकाशावर दक्षिणेकडून बोट ठेवलं आणि न विचारता दिवाणखान्यापर्यंत नेलं. मी पास झाले. खाली धावत येऊन काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस, शेठना सांग!"

त्याच वर्षी काका निवृत्त झाले आणि दोघं सांगलीला परत जायला निघाली. चांगी विमानतळावर काकूंनी मला शेबेकेचा तो वीतभर तुकडा दिला आणि माझ्याकडून नकाशाची गुंडाळी मागून घेतली. "कुठं लावणार, काकू?" विचारलं तर नुसत्या हसल्या. आत जाताना काचेपलीकडून काहीतरी ओरडल्या, ऐकू आलं नाही. पण काय म्हणाल्या असतील ते मला माहीत आहे.

आता मी एका ऑफिसात शिकाऊ म्हणून काम करते. कुठल्याही घराची पाहणी करायची असली की मी आधी दाराला पाठ करून उभी राहते. सहकारी हसतात. मग मी विचारते, हे दार नक्की कुणासाठी केलं होतं? हा प्रश्न मी मोठ्यानं विचारते.

गेल्या दिवाळीला काकूंचा फोटो आला. त्या काकांना घेऊन पुन्हा त्या गावात गेल्या होत्या. बुजवलेल्या कमानीसमोरचं गवत काढलं होतं, झिजलेल्या तीन पायऱ्यांवर डाळिंबाची रांगोळी होती आणि तीन पणत्या. काका नकाशा उलगडून उभे होते. मी आनंदानं खोलीत अक्षरशः उडी मारली. इतक्यात दुसरा फोटो आला. पूर्वेचं दार, तिथंही एक पणती, एक लाडू, आणि फोटोच्या कडेला दोन लांब कान. खाली काकूंनी लिहिलं होतं, "मुख्य दार शेठना दिलं गं. पण हे बिचारं अजून जुन्याच पत्त्यावर येतं."