भिंतीवरची काच

नव्या कॅलेंडरसाठी हातात हातोडी घेतली की मंडईजवळच्या आमच्या जुन्या घरातली काचेची पट्टी आठवते. जमिनीखाली मेट्रोचा बोगदा खणणं चालू होतं. आमच्या भिंतीला आधीपासूनच तडा होता, म्हणून एका इंजिनिअरने त्यावर बोटभर काच आडवी चिकटवली आणि बजावलं, "तडा वाढला तर ही फुटेल. फुटली की लगेच फोन करा." गमचा उग्र वास आठवडाभर घरात होता. आई ती काच रोज देवाच्या तसबिरींबरोबर पुसायची. एका दुपारी मला ती फुटलेली दिसली, आई बाहेर गेली होती, मी घाबरून फोन केला. तासाभरात पाच हेल्मेटवाले घरात आले आणि खालचं मशीन थांबलं. दोन दिवस मोजमापं झाली, पण तडा केसभरही वाढला नव्हता. तिसऱ्या दिवशी चहा देताना आई म्हणाली, "अहो, कॅलेंडरचा खिळा ठोकताना हातोडी निसटली माझी." इंजिनिअर हताश होऊन म्हणाला, "काकू, आधी नाही का सांगायचं?" "तुम्ही मला कुठे विचारलंत? भिंतीलाच विचारत होतात." पुढे मेट्रो का रखडली, खर्च का वाढला, याची कारणं पेपरात येत. त्यात खिळा नाही ना, हे बघूनच आई पेपर रद्दीत टाकायची. आता मी त्याच घराखालून रोज मेट्रोने जातो, आणि बोगद्यात गाडी उगाच थांबली की वाटतं, वर कुणीतरी कॅलेंडर लावतंय.