सासूबाईंच्या पाटल्या

मनगटं दोन आणि घड्याळं पाच, असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगू दे. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. मी सोलापुरात शाळामास्तर होतो. बिडी नाही, सिनेमा नाही, नाद एवढा एकच: जुनी सोन्याची मनगटी घड्याळं. आतलं मशीन परदेशी, पण बाहेरची केस इथल्याच सोनारानं घडवलेली. अशी केस कुठंतरी जराशी वाकडी असतेच, आणि मला नेमकं ते वाकडेपणच आवडायचं. पाचांतलं पहिलं घड्याळ माझ्या लग्नातलं, सासऱ्यांनी दिलेलं.

कुठली केस कुणाच्या हातची, हे शोधायची मला भारी हौस. म्हणून एका रविवारी पाचही घड्याळं रुमालात बांधून एका म्हाताऱ्या सोनाराकडे गेलो. चार त्यानं नुसती हाताळली. लग्नातलं मात्र उचललं, मागचं झाकण उघडलं आणि बिजागरीवरून अंगठा फिरवला.

"ही माजी," तो म्हणाला. "वळसंगच्या एका बाईच्या पाटल्यांची. लगीन तोंडावर आलं हुतं अन् नवरदेव रुसून बसला हुता, सोन्याचंच घड्याळ पायजे म्हणून. बाईनं हितं बसून हातातल्या पाटल्या उतरवल्या की."

तो नवरदेव त्याच्यासमोरच बसला होता. रुसलो होतो खरा. मित्रांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी चढलो. त्यानंतर दर सणाला वळसंगला सासुरवाडीत जेवलो, वाढणाऱ्या त्या हातांत काचेच्या बांगड्याच पाहिल्या. सासूबाईंना सोन्याचा सोस नाही, असं मी कौतुकानं चारचौघांत सांगायचो. मला स्वतःची फार लाज वाटली.

घरी येऊन बायकोला विचारलं. "आईनं शपथ घातली होती," एवढंच म्हणून ती भाकरी थापू लागली.

पुढच्या रविवारी पुन्हा सोनाराकडे. केस मोडून पाटल्या करायला सांगितल्या. सोनं एका पाटलीपुरतंच भरलं; बाकीचं तेव्हा मशीनच्या किमतीत गेलं होतं. दुसरीसाठी माझं सगळ्यांत लाडकं, सगळ्यांत वाकडं घड्याळ पुढं केलं. दोन्ही मशीनं स्टीलच्या केसांत बसवली.

वळसंगला पाटल्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी माझ्या मनगटावरचं स्टीलचं घड्याळ पाहिलं. मग पाटल्या हातात चढवल्या, मनगट कानाशी नेलं आणि हसल्या. "टिकटिक करंनात की ह्या!"

मलाही हसू आलं, आणि डोळेही भरून आले. मी मान खाली घालून ताटावर बसलो. त्यांनी भाकरी वाढली, वर शेंगाचटणी घातली. पाटल्या ताटाला लागून वाजल्या.

"जेवा जावायबापू," त्या म्हणाल्या, "आता रुसू नगा."