कोंबडा आरवणारा नंबर

बुद्धिमाया मोक्तानला वाचता येत नव्हतं, पण फोन कुणाचा हे ती नुसतं ऐकून सांगायची. ती सोय मीच करून दिली होती. गालिच्याच्या कारखान्यातल्या मुकादमासाठी घंटा, बहिणीसाठी बासरी, बाकी सगळ्यांसाठी फोनची आपली ट्यूं-ट्यूं. आणि एका नंबरासाठी कोंबडा. कोंबडा आरवला की फोन उचलायचा नाही.

जोरपाटीच्या चौकात माझं फोटोकॉपीचं दुकान होतं. सिम आणि रिचार्जची कार्डंही ठेवायचो. ‘काजीभाइ, जरा बघ ना’ म्हणत बुद्धिमायादिदी दिवसाआड यायची, हाताला लोकरीचा वास, केसात लोकरीचे तंतू. बघायचं एकच असायचं. फुर्बाचा फोन येऊन गेला का?

फुर्बा तिचा एकुलता एक मुलगा, कतारला गेलेला. दसैंच्या सणाला त्याचा शेवटचा फोन आला होता. ‘मालक बदलतोय आमा, नवा फोन घेतला की कळवतो,’ एवढंच म्हणाला. त्यानंतर पाच महिने काही नाही. ज्यांनी त्याला पाठवलं त्या ऑफिसात ती तीनदा जाऊन आली. तिथला माणूस म्हणाला, पळाला तो, आता आमची जबाबदारी नाही.

‘पळाला तर पळाला,’ ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणायची, ‘पण फोन तर करेल की नाही? माझा नंबर त्याला तोंडपाठ आहे. हाच एक पाठ आहे.’ कुणी म्हणालं, दिदी, दुसऱ्या कंपनीचं सिम घे, रेंज चांगली येते, तर ती अंगावर धावून जायची.

माघ महिन्यात तिला राँग नंबरचा त्रास सुरू झाला. आमच्याकडे हा एक उद्योगच आहे. रिकामटेकडे लोक मनाला येईल तो नंबर फिरवतात आणि बाईचा आवाज आला की चिकटतात. पहिल्यांदा तिने माझ्यासमोरच फोन उचलला. पलीकडे नुसती खरखर, मध्येच पुरुषाचा आवाज, ‘हलो... हलो...’, पुन्हा खरखर.

‘कोण रे? कोण पाहिजे?’

‘हलो... ऐकू येतंय...?’

‘मेल्या, दुसरं काम नाही का? आई नाही का रे तुला? जा, तिला लाव फोन!’ तिने फोन बंद केला आणि माझ्या हातात कोंबला. ‘याचा काहीतरी बंदोबस्त कर.’

मी नंबर पाहिला. नऊ-आठने सुरू होणारा, दहा आकडी, इथलाच. परदेशचा फोन आला की नंबर लांबलचक येतो, हे तिला मीच शिकवलं होतं. मोठ्या ऐटीत त्या नंबराला कोंबडा लावून दिला. पुढचे दोन महिने तो कोंबडा आरवत राहिला आणि कारखान्यातल्या बायका हसत राहिल्या. ‘दिदी, तुझा आशिक आरवतोय!’ असं त्या ओरडायच्या आणि ही मागावरची गाठसुद्धा सोडायची नाही.

चैतात एका सकाळी साध्या कपड्यातले दोन पोलीस कारखान्यात आले. बुद्धिमाया मोक्तान कोण? तिच्या नागरिकतेच्या कागदावर अडतीस सिमकार्डं निघाली होती. ती धावत माझ्याकडे आली. ‘तू चल, तुला वाचता येतं.’ मी शटर ओढलं.

कचेरीत इन्स्पेक्टर तरुण होता. तिला ‘आमा’ म्हणाला, बसायला खुर्ची दिली. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

‘आमा, बालाजू भागातल्या एका खोलीत पेट्या सापडल्यात. सिमांनी भरलेल्या. त्यातली अडतीस तुझ्या नावावर. आणखी काही पेट्या कुठे चालू आहेत ते शोधतोय.’

‘माझ्याकडे एकच आहे हजुर,’ तिने पदराची गाठ सोडून फोन पुढे केला. ‘मी गालिचे विणते. पेटी म्हणाल तर कपड्यांची आहे, ती पण पत्र्याची.’

इन्स्पेक्टरला हसू आलं. ‘तू काही केलेलं नाहीस हे दिसतंय मला. पण एका नागरिकतेवरची सगळी सिमं बंद करायची, असा वरून हुकूम आहे. उद्या दुपारी बंद होणार. यात तुझंही आलं. नवीन घे, नवीन नंबर मिळेल.’

ती उठून उभी राहिली. ‘नाही हजुर. तुरुंगात टाका. नंबर बंद करू नका.’

‘अगं आमा...’

‘माझ्या पोराला दुसरा नंबर माहीत नाही!’

ती रडली नाही. टेबलाची कड मात्र दोन्ही हातांनी धरून राहिली. इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. ‘समजवा हिला. हिचा एक ठेवायचा तर बाकीचे खोटे कसे झाले ते कागदावर यायला हवं. हिच्या नागरिकतेची कॉपी बाहेर कशी गेली? ही म्हणते ठाऊक नाही. मग मी काय लिहू?’

त्याने फाइल माझ्यापुढे सरकवली. तिच्या नागरिकतेची कॉपी होती. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी, मधोमध तुटलेली. ती पट्टी माझ्या मशीनची. तिच्यामुळे कॉपी बिघडली की मी दुसरी काढून द्यायचो आणि बिघडलेली खोक्यात टाकायचो. सिम पोचवणारा माणूस आठवड्याला यायचा, तो एकदा म्हणाला, साहुजी, ही रद्दी मला द्या, बहीण शेंगदाण्याच्या पुड्या बांधते. मी खोकंच उचलून दिलं. एकदा नाही, वर्षभर.

मी पान उलटलं, खाली अडतीस नंबरांची यादी होती. खरं सांगायचं तर मी फक्त माझ्या शटरचा विचार करत होतो. वेळ काढायचा म्हणून विचारलं, ‘साब, पण या सिमांचं करतात काय?’

‘परदेशातून कुणी फोन केला की तो परवान्याच्या वाटेने यायला हवा. हे लोक तो इंटरनेटवरून आणतात आणि इथे या सिमांतून सोडतात. इंटरनेटवरून बोलायला वरचे धड नाही म्हणत नाहीत आणि धड परवानाही देत नाहीत, तेवढ्यात यांचं फावतं. तिकडे राबणारा घरी फोन करायला स्वस्त कार्ड घेतो, त्याला यातलं काही ठाऊक नसतं. आणि घेणाऱ्याला दिसतो इथलाच नंबर. त्याला वाटतं, शेजारच्या गल्लीतून आला.’

बुद्धिमायादिदीने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्याआधी कळलं होतं.

‘काजीभाइ,’ ती हळू म्हणाली, ‘कोंबडा बघ.’

तिच्या फोनमधला तो नंबर काढून मी यादीवर बोट फिरवू लागलो. सतरावी ओळ. तोच. तिच्याच नावाचं सिम होतं ते.

‘किती वेळा आरवला?’

मी मोजलं नाही. म्हणालो, ‘बरेचदा.’

‘मी त्याला मेल्या म्हणाले,’ ती म्हणाली आणि खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

मग मात्र मला राहवलं नाही. ‘साब, लिहून घ्या,’ मी म्हणालो. ‘ही काळी पट्टी माझ्या मशीनची आहे. रद्दी मी दिली.’

जबाब चार पानांचा झाला. मशीन त्याच संध्याकाळी टेम्पोत चढलं, सिम आणि कार्डं विकायची बंदी आली, तारखा अजून चालू आहेत. माझी बायको अधूनमधून म्हणते, ‘हरिश्चंद्र आले, ताट वाढा.’ पण तिचा नंबर राहिला.

दुसऱ्या दिवशी ती आली. ‘आता सगळ्यांना कोंबडाच लाव.’ मी लावला. हात लोकरीच्या तेलाचे असतात म्हणून स्पीकरही चालू करून दिला. त्यानंतर कुणाचाही फोन आला, मुकादमाचा असो की राँग नंबरवाल्याचा, ती हलो म्हणायच्या आधी एका दमात म्हणायची, ‘फुर्बा, शिवी तुला नव्हती दिली!’ मुकादम वैतागला. राँग नंबरवाले घाबरून फोन ठेवायला लागले.

दीड महिना गेला. तो सतरावा नंबर तर कधीच मेला होता. ती वाळत चालली होती आणि मी तिची नजर टाळत रिकाम्या दुकानात वह्या विकत होतो. वैशाखाच्या अखेरीला ती पायरीवर बसली असताना कोंबडा आरवला. नंबर पुन्हा इथलाच, पण नवा. म्हणजे कुठेतरी एक पेटी अजून चालू होती. नियमाने मी तो नंबर कचेरीला कळवायला हवा होता.

‘फुर्बा, शिवी तुला नव्हती दिली!’

खरखर. बराच वेळ नुसती खरखर.

‘आमा,’ आवाज आला, ‘तूच म्हणालीस ना, जा, आईला फोन लाव? तोच तर लावत होतो.’